पेशीपटल: दोन रेणूंचा तवंग आणि त्याखालचं जाळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकात पेशीपटल म्हणजे ‘फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं’ असं लिहिलंय. मग दोन रेणूंच्या जाडीची ही पिशवी रक्ताच्या प्रवाहात फाटत कशी नाही, आणि तिच्यात नेमकं काय किती असतं?

आधी उत्तर सांगते, मग तपशील. नुसता तो दुहेरी थर पेशीला सांभाळूच शकत नाही. ताण दिला तर त्याचं क्षेत्रफळ दोन ते चार टक्के वाढतं आणि तो फाटतो. पेशी तगते ती दोन गोष्टींवर. एक, पटलाला आतून शिवलेलं प्रथिनांचं जाळं. दुसरी, आतल्या ऐवजाला लागतं त्यापेक्षा जास्त असलेलं पटल. पुस्तकातल्या चित्रात यातलं बहुधा काहीच दाखवलेलं नसतं, त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी रास्त आहे.

मी गेली सव्वीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तांबड्या पेशीच्याच आधाराने बोलते. त्याला माझ्या सवयीपलीकडचं कारणही आहे. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, आत दुसरं कुठलंच पटल नाही. पेशी पाण्यात फोडली, हिमोग्लोबिन धुऊन टाकलं की खाली उरतं ते निखळ बाहेरचं पटल. या रिकाम्या पांढुरक्या पिशव्यांना प्रयोगशाळेत ‘घोस्ट’ म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही पेशीतून इतकं स्वच्छ पटल इतक्या सहज हाती येत नाही. म्हणूनच पेशीपटलाच्या ज्ञानातला मोठा वाटा या एका पेशीने दिला.

दुहेरी थराची कल्पनासुद्धा तिथूनच आली. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रांस्वा ग्रेंडेल या दोघांनी माणसाच्या आणि काही प्राण्यांच्या तांबड्या पेशींमधले मेद अ‍ॅसिटोनने काढले आणि ते पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरवले. मग त्या तवंगाचं क्षेत्रफळ मोजलं आणि तेवढ्या पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिलं. तवंग दुप्पट भरला. म्हणजे पेशीभोवती मेदाचे रेणू दोन थरांत असले पाहिजेत. इतका साधा प्रयोग आणि इतका मोठा निष्कर्ष, आजही वर्गात सांगताना मला उत्साह येतो. पाण्यावरचा तवंग मोजण्याची ही रीत मुळात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांची. त्यांना विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नव्हतं. घरकाम सांभाळून स्वयंपाकघरात त्यांनी पाण्याचं एक कुंड तयार केलं, पृष्ठभागावरचा तवंग पट्टीने आवळून-सैल करून निरीक्षणं नोंदवली, आणि १८९१ साली ती ‘नेचर’मध्ये छापून आली. अभ्यासक्रमात हे नाव क्वचितच येतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

गॉर्टर-ग्रेंडेलच्या मोजणीत दोन चुका होत्या. अ‍ॅसिटोनने सगळे मेद निघाले नव्हते, आणि वाळवलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला. दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकलं. १९६६ मध्ये प्रयोग नीट करून पाहिला तेव्हा दिसलं की तवंग किती दाबला आहे त्यावर गुणोत्तर बदलतं, आणि दाब वाढवला की ते दोनाच्या बरंच खाली येतं. थर दोनच आहेत. पण त्यात बरीच जागा मेदाची नसून प्रथिनांची आहे.

तर कशाचं किती? तांबड्या पेशीच्या पटलात वजनाने साधारण ५२ टक्के प्रथिनं, ४० टक्के मेद आणि ८ टक्के कर्बोदकं असतात. हे आकडे सगळ्या पटलांना लावू नका, परीक्षेत इथेच गफलत होते. मज्जातंतूंभोवतीच्या मायलिनमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त मेद असतात, कारण त्याचं काम विद्युतरोधकाचं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात उलट, तीन चतुर्थांशाच्या आसपास प्रथिनं, कारण तिथे ऊर्जा तयार करणारी सगळी यंत्रं बसवलेली आहेत. पटलाचं काम काय ते विचारा, घटकांचं प्रमाण आपोआप समजेल.

आता मेदांकडे. फॉस्फोलिपिडच्या रेणूला एक डोकं असतं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी मानवतं, शेपट्यांना नाही. पाण्यात सोडले की हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून आपोआप थर लावतात. त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. मधला तेलकट भाग जेमतेम तीन नॅनोमीटर जाडीचा. तरी सोडियम-पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणांना तो जवळजवळ अभेद्य असतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मात्र सहज आरपार जातात.

शेपट्या सरळ असतील तर रेणू दाटीने रचले जातात, वाकलेल्या असतील तर सैल. थंडीत तूप आणि खोबरेल थिजतं, करडईचं तेल मात्र वाहतं राहतं, त्याचं कारण हेच: करडईच्या तेलातल्या मेदाम्लांना दुहेरी बंधांपाशी बाक असतो. पेशी दोन्ही प्रकार मिसळून पटल वाहतं ठेवते. वर कोलेस्टेरॉल आहे. तांबड्या पेशीत फॉस्फोलिपिडचे रेणू जितके, जवळपास तितकेच कोलेस्टेरॉलचे. शरीराच्या तापमानाला ते शेपट्यांची वळवळ आवरतं, आणि गारठ्यात त्यांना एकमेकींना चिकटून थिजू देत नाही. कोलेस्टेरॉल म्हणजे शत्रू असं समजणाऱ्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगते, की त्याच्याशिवाय प्राण्यांच्या पेशींचं पटल नीट उभंच राहत नाही.

तांबडी पेशी स्वतः नवे मेद बनवू शकत नाही. जे काही बदलायचं ते रक्तद्रवाशी देवाणघेवाण करून. त्यामुळे यकृत बिघडलं की त्याची खूण पटलावर उमटते. पित्तमार्ग तुंबलेल्या रुग्णाच्या रक्तद्रवात कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन हे फॉस्फोलिपिड वाढतं, ते पटलात शिरतं, पटल मोठं होतं आणि काचपट्टीवर पेशी नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसते: मध्ये ठिपका, भोवती फिकं कडं, बाहेर पुन्हा गडद. या लक्ष्यपेशी पाहून कितीदा तरी मी अहवालात ‘यकृताची तपासणी करावी’ असं लिहिलं आहे.

पुस्तकात हमखास राहून जाणारी एक गोष्ट: दोन थर सारखे नसतात. बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन, आतल्या थरात फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमीन आणि फॉस्फॅटिडिलसेरीन. यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा. ते निरोगी पेशीत जवळजवळ पूर्ण आतच असतं, कारण फ्लिपेज नावाचं प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून त्याला पुन्हापुन्हा आत ओढतं. एरवी मेदाचा रेणू आपल्याच थरात सेकंदाला दोन मायक्रोमीटरपर्यंत सरकतो, पण या थरातून त्या थरात उडी मारायला त्याला तासच्या तास, कधी दिवसही लागतात. पेशी जीर्ण झाली किंवा दुखावली की हा पहारा ढासळतो, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं, आणि भक्षकपेशी ती खूण ओळखून तिला गिळतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या सिकलसेलचे इतके रुग्ण आहेत, त्यातही हे दिसतं. वारंवार विळ्यासारखी वाकून पेशी हा मेद उघडा पाडते, आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना त्यावर आयती बैठक मिळते. मूळ दोष हिमोग्लोबिनचा, पण त्याची झळ पटलाला लागते.

प्रथिनांबद्दल १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी ‘फ्लुइड मोझेक’ प्रतिरूप (वाहत्या मेदात तरंगणारी प्रथिनं) मांडलं, ते तुम्ही वाचलंच असेल. त्याआधी १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळवून, दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकते रंग लावून पाहिलं. ३७ अंशांना सुमारे चाळीस मिनिटांत रंग पूर्ण मिसळले. थंडीत ठेवल्यावर मिसळणं जवळपास थांबलं. प्रथिनं सरकतात हे त्यातून सिद्ध झालं. मात्र सगळी सरकत नाहीत, काही बांधलेली असतात. ते पुढे येईल.

तांबड्या पेशीतलं सर्वांत मुबलक पटल-प्रथिन म्हणजे बँड ३. एका पेशीत त्याच्या दहा लाखांच्या वर प्रती असतात. बायकार्बोनेट बाहेर आणि क्लोराइड आत, अशी अदलाबदल ते करतं, आणि रक्ताला कार्बन डायऑक्साइड वाहून नेता येतो तो बराचसा त्याच्या जिवावर. सोडियम-पोटॅशियम पंप त्या मानाने मोजकेच, पेशीमागे काहीशे. प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये तो खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. रक्तपेढीत पिशवी २ ते ६ अंशांना ठेवली की हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. म्हणूनच तान्ह्या बाळाला जास्त रक्त द्यायचं असेल तर आम्ही ताज्यातली ताजी पिशवी शोधतो.

पाण्याची वाट कित्येक वर्षं गूढ होती. तांबडी पेशी पाणी इतक्या झपाट्याने आत घेते की नुसत्या मेदाच्या थराने त्याचा उलगडा होत नव्हता. बाल्टिमोरला पीटर अ‍ॅग्रे आरएच रक्तगटाचं प्रथिन वेगळं करत होते, त्यात त्यांना २८ किलोडाल्टन वजनाचं एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवलं आणि ती अंडी सौम्य पाण्यात टाकली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली, ही फुगून फुटली. तेच अ‍ॅक्वापोरिन. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

काही प्रथिनं तर पटलात शिरतही नाहीत. जीपीआय नावाच्या साखर-मेदाच्या दोऱ्याने बाहेरच्या थराला नुसती टांगलेली असतात. सीडी ५५ आणि सीडी ५९ ही त्यातली दोन, पेशीला स्वतःच्याच शरीराच्या, जंतूंना फोडणाऱ्या पूरक प्रथिनांपासून वाचवणारी. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत या दोऱ्याचं जनुक बिघडलं तर तिच्या वंशातल्या सगळ्या पेशी उघड्या पडतात, रक्तातच फुटतात, आणि काही रुग्णांना सकाळची लघवी गडद काळपट होते. एका दोऱ्यावर माणसाचं आयुष्य लोंबकळतं.

कर्बोदकं प्रमाणात सर्वांत कमी, पण रक्तपेढीचं सगळं शास्त्र त्यांच्यावर उभं आहे. ती नेहमी बाहेरच्याच बाजूला असतात, मेदांना किंवा प्रथिनांना जोडलेली. एच नावाची एक साखळी असते, तिच्या टोकाला फ्यूकोज. त्यावर एन-असिटिलगॅलॅक्टोसअमीन चढवलं की ए गट, गॅलॅक्टोज चढवलं की बी गट, काहीच चढवलं नाही की ओ गट. एका साखरेचा फरक, आणि चुकीची पिशवी चढली तर माणूस दगावू शकतो.

इथे मुंबईचं नाव येतंच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा व्यक्तींची नोंद केली ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. फ्यूकोज जोडणारं विकरच त्यांच्याकडे चालत नाही. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं, युरोपात तो याहून कितीतरी दुर्मिळ आहे. नेहमीच्या चाचणीत या पेशी ओ सारख्याच दिसतात, कारण ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव घातल्यावर गुठळी होत नाही. पण या माणसांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडं असतात, म्हणून ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. ते पकडायचं तर रुग्णाच्या रक्तद्रवात ओ पेशी घालून पाहाव्या लागतात. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला मी ओ पेशींची नळी कधीही वगळू देत नाही, कितीही घाई असो. सव्वीस वर्षांत त्या नळीने माझ्यासमोर तीन वेळा गुठळी दाखवली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे: फाटत कशी नाही?

तांबड्या पेशीचं घनफळ सुमारे ९० फेम्टोलीटर, पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. तेवढंच घनफळ गोळ्यात भरायचं तर ९७ चौरस मायक्रोमीटर पुरतात. म्हणजे पटल चाळीस टक्क्यांहून जास्त शिल्लक आहे. अर्धी भरलेली पखाल आठवा. ती दुमडता येते, अरुंद दारातून ओढून काढता येते. तीच तुडुंब भरली की ना वाकते ना निघते, आणि जरा धक्का लागला की फाटते. पेशी दोन्हीकडून चपटी असते ती या शिलकीमुळे. रक्त गाळणाऱ्या पांथरीत (प्लीहेत) एक-दोन मायक्रोमीटर रुंदीच्या फटी असतात. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीला त्यांतून निघायचं असतं, आणि तेही १२० दिवसांच्या आयुष्यात अनेकदा. पटल न ताणता, नुसता आकार बदलून ती निघते.

हा आकार परत मिळवून देतं ते आतलं जाळं. त्याचा मुख्य धागा स्पेक्ट्रिन. नावही त्या घोस्टवरूनच आलं, कारण १९६८ मध्ये व्हिन्सेंट मार्केसी यांनी ते त्या रिकाम्या पिशव्यांमधून वेगळं केलं. पूर्ण ताणला तर धागा २०० नॅनोमीटर, पण पेशीत तो आक्रसून तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, म्हणून ताणून पुन्हा मिटू शकतो. धागे अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या छोट्या गाठींवर जुळून षट्कोनी जाळी होते. ही जाळी पटलाला दोन ठिकाणी शिवलेली असते: अँकिरिनचा टाका बँड ३ ला, आणि प्रथिन ४.१ चा टाका ग्लायकोफोरिन सी या पटल-प्रथिनाला. ‘तरंगणाऱ्या’ प्रथिनांपैकी सगळी मोकळी नाहीत म्हटलं ते यासाठी. गोधडीला टाके नसतील तर वरचं कापड सुटून फुगे येतात ना, तसंच इथे. टाका कमी पडला की त्या जागी मेदाचा थर फुगतो आणि त्याचा बारीक बुडबुडा तुटून निघून जातो. प्रत्येक बुडबुड्यागणिक पेशीची शिलकी कमी होते, आतला ऐवज मात्र जवळपास तेवढाच राहतो. पेशी गोल होत जाते, पांथरीच्या फटीत अडकते आणि तिथेच नष्ट होते.

अशा गोल पेशींचा एक आनुवंशिक आजार आहे, हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. त्यात अँकिरिन, बँड ३, स्पेक्ट्रिन किंवा प्रथिन ४.२ यांपैकी कशात तरी दोष असतो. माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. दर दोन-चार महिन्यांनी डोळे पिवळे व्हायचे. घरच्यांनी काविळीचं गावठी औषध दिलं होतं, वर्षभर तेल-तूप बंद, पोर सुकून गेलेली. काचपट्टीवर लहान, गडद, मधला फिकटपणा हरवलेल्या गोल पेशी दिसल्या. पोट तपासलं तर पांथरी हाताला लागत होती. वडिलांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या पित्ताशयातले खडे तिशीतच काढले होते. पेशी सतत फुटल्या की हिमोग्लोबिन मोडून बनणारं पिवळं बिलिरुबिन वाढतं आणि त्याचे खडे होतात. बापलेकीचा आजार एकच, आणि यकृत दोघांचंही ठणठणीत.

खात्रीसाठी मिठाच्या पाण्याच्या नळ्या लावल्या. निरोगी पेशी ०.९ टक्के द्रावणात सुखाने राहतात, ०.५ च्या आसपास फुटू लागतात, ०.३ पर्यंत जवळपास सगळ्या फुटतात. शिलकी पटलामुळे त्यांना दीडपटीहून जास्त फुगायला वाव असतो. या मुलीच्या पेशी ०.६५ लाच फुटायला लागल्या, कारण त्या आधीच भरलेल्या पखाली होत्या. हल्ली बँड ३ ला चिकटणारा इओसिन-५-मॅलेमाइड हा रंग वापरून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) तासा-दोन तासांत उत्तर मिळतं, पण विद्यार्थ्यांना मी अजूनही नळ्याच लावायला सांगते. तळाशी लाल गोळी आणि वर नितळ पाणी असलेली नळी, आणि शेजारी पूर्ण लाल झालेली नळी पाहिली की पटलाचं क्षेत्रफळ डोळ्यांना दिसतं.

पुढे तिचं हिमोग्लोबिन आठाच्या खाली जायला लागलं तेव्हा, न्यूमोकोकसची आणि इतर लसी आधी देऊन, पांथरी काढली. हा निर्णय हलका नसतो. जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो, म्हणून सौम्य आजारात आम्ही शस्त्रक्रिया सुचवत नाही. सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन साडेबारा होतं आणि डोळे पांढरे स्वच्छ. मी काचपट्टी पुन्हा पाहिली. पेशी तशाच गोल होत्या, टाके तसेच अपुरे. त्यांना अडवून धरणारी ती फट तेवढी आता राहिली नव्हती.